राहतं घर

बेफील्ड,
६ डिसेंबर १९९८

प्रिय ताईस,
स. न. वि. वि.

शिकागोच्या त्या नवरा-बायकोने तुझं बेटावरचं घर घ्यायचा विचार सोडला, हे तुझ्या पत्राच्या शेवटच्या ओळीत वाचलं. कोंबड्यांवर पानभर आणि ह्यावर एक ओळ. तुझी पत्रं खालून वर वाचायची असतात हे मी विसरलेच होते.

काल बँकेत जाऊन आले. तू तशी सही करून दिली आहेस म्हणून तिथला कोवाल्की तुझ्या कर्जाबद्दल माझ्याशी बोलतो, नाही तर त्याने तोंड उघडलं नसतं. लहानपणी तो माझ्याकडे पियानो शिकायला यायचा. अजून माझ्यासमोर बसला की बोटं वाकवून टेबलावर ठेवतो. त्याने मला सगळं परत पहिल्यापासून सांगितलं. तू माझ्या शेजारचं घर घेतलंस ते बेटावरचं घर गहाण टाकून, थोड्या मुदतीच्या कर्जावर. ब्रिज लोन. एक घर विकलं जाईपर्यंत दुसऱ्यावर पाय ठेवायला पूल, असं तो म्हणाला. तो पूल फेब्रुवारीअखेर संपतो. बेटावरचं घर विकलं गेलेलं नाही. तेव्हा आता इथल्या घरावर नेहमीचं, लांब मुदतीचं कर्ज काढायचं आणि त्यातून आधीचं फेडायचं.

इथवर मला समजलं. मग त्याने विचारलं की हे घर कोणत्या प्रकारचं आहे. मी म्हटलं, लाकडी. तसं नाही म्हणे. मालक त्यात कायम राहणार, अधूनमधून येणार, की भाड्याने देणार? राहतं घर असेल तर व्याज कमी, आणि हप्ता तुझ्या पेन्शनमध्ये बसतो. बाकी दोन्हींत आधीच एवढी रक्कम भरावी लागते की तुला ते घर सोडून द्यावं लागेल. मी त्याला विचारलं की माझ्या बहिणीने माझ्या शेजारचं घर काय नुसतं बघायला घेतलंय का? त्यावर तो अगदी हळू म्हणाला, मग त्या राहायला आल्या का? मी पर्समध्ये रुमाल शोधत बसले.

ताई, तळं अजून गोठलं नाही, बोटी चालू आहेत. घर ऑगस्टपासून रिकामं आहे. नळ गोठू नयेत म्हणून मी घर गरम ठेवायची भट्टी थोडी चालू ठेवते. चर्चच्या गायनात खालच्या पट्टीत गाणारं कोणी उरलेलं नाही. आता ये.

लोभ आहे तो आहेच. त्याला बोटीचं तिकीट लागत नाही, तुला लागतं.

तुझी,
डाग्नी

*

मॅडलिन बेट,
१७ डिसेंबर

चि. डाग्नीस,
अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. कोवाल्कीचा फोनही आला होता. मी विचार करते म्हणून सांगितलं. बरं म्हणाला. सभ्य मुलगा आहे. पियानो त्याला आला नाही ह्यात तुझा दोष असावा.

इथे सगळं ठीक. उन्हाळी लोक गेले, त्यांच्या खिडक्यांना फळ्या लागल्या. आमच्या रस्त्यावर आता मी आणि ऑस्मंड, एवढेच. काल त्याने लाकडं फोडून दिली आणि तीन वेळा तेच सांगितलं, की ह्या वर्षी बर्फ उशिरा धरणार. कोंबड्यांनी अंडी देणं बंद केलं आहे.

मी लगेच येऊ शकत नाही. नाताळ झाला की लोक झाडं आणून माझ्या अंगणात टाकतात हे तुला माहीत आहे. तळं घट्ट गोठलं की ती झाडं बर्फात रोवून तुमच्या किनाऱ्यापर्यंत गाड्यांचा रस्ता आखायचा असतो. तुझा मेहुणा हॅल्वर गेल्यापासून ऑस्मंड भोकं पाडतो आणि मी झाडं देते. रस्ता वाकडा झाला तर सगळं बेट मार्चपर्यंत मला बोल लावेल. ते काम झालं की बघू.

बघू म्हणजे नाही असं नाही. पलंगावर चादर घालायची घाई करू नकोस.

गुडघ्याला लोकर बांध. माया तीच.

रग्ना

*

बेफील्ड,
१४ जानेवारी १९९९

प्रिय ताईस,
स. न. वि. वि.

चादर घातली. आता रागव.

बोटी बंद झाल्या. हे पत्र बर्फावरून पळणाऱ्या पंख्याच्या घसरगाडीने येईल. तिच्या आवाजाने माझ्या कपाटातल्या बश्या वाजतात. पण प्रत्येक वेळी मी खिडकीशी जाते, कोण उतरतं ते बघायला. काल दंतवैद्य उतरला.

ऐक, मी काय केलं ते. कोवाल्की म्हणाला की घराची किंमत ठरवायला एक माणूस येणार आहे. आत येणार नाही, रस्त्यावरूनच बघेल, फोटो काढेल आणि घरात कोणी राहतं की नाही त्याची नोंद करेल. आपल्याकडे हिवाळ्यात रिकामं घर लांबूनच ओळखू येतं, ते काय कुणी सांगायला हवं? दारापर्यंत पाऊल न पडलेला बर्फ, छपरावर जाड थर, धुराड्यातून काही नाही. तेव्हा मी कामाला लागले. रस्त्यापासून दारापर्यंत फावडं मारलं. भट्टी वाढवली, चुलीत दोन ओंडके टाकले, पायरीवर झाडू ठेवला. तू ऑगस्टमध्ये ठेवून गेलेले पडदे लावले. ते आधी इस्त्री केले. अशा पडद्यांत मी तुला राहू देणार नव्हते.

रोज करत होते. माणूस कधी येईल ते काय माहीत? आणि आठवड्याभरात एक गंमत झाली. मी तिथे बसायला लागले. मंगळवारी सूप तिकडेच नेलं आणि तुझ्या टेबलाशी बसून प्यायले. दोन वाट्या मांडल्या होत्या. तू हसशील. हस. पण ताई, त्या घरात घड्याळ नाही, रेडिओ नाही, काही नाही, तरी मला तिथून उठवेना. सूप गार झालं. मी तुझ्या वाटीतलंही प्यायले आणि घरी आले.

काल तो माणूस येऊन गेला. लाल ट्रकमधून. दोन मिनिटं. कोवाल्कीने आज सांगितलं की त्याने ‘मालक राहतात’ असं लिहिलं आहे. मी फक्त घसा खाकरला. आता तुझी एक सही राहिली. ती कर आणि ये. कोणत्या क्रमाने ते तू ठरव.

लोभ गोठत नाही, हा एक फायदा.

तुझी,
डाग्नी

*

मॅडलिन बेट,
२२ जानेवारी

चि. डाग्नीस,
अनेक आशीर्वाद.

बँकेने त्या माणसाच्या अहवालाची प्रत मला पाठवली. सोबत फोटो होता. हॅल्वरचं भिंग काढलं आणि बघत बसले.

धूर छान निघतो आहे. झाडू शोभतो. पडद्यांना इस्त्रीच्या घड्या आहेत, त्या पाहून हे माझं घर म्हणून मी ओळखलं नाही. पण पोरी, तुझी पावलं पाहिलीस का? रस्त्यापासून दारापर्यंत एवढी नीट वाट काढलीस आणि तिच्यावर एक पाऊल नाही. सगळी पावलं तुझ्या स्वयंपाकघराच्या दारातून निघतात, कुंपणाच्या फटीतून शिरतात आणि तशीच परत जातात. म्हणजे ह्या घराची मालकीण एक तर उडते, नाही तर शेजारणीकडे जेवायला आहे. त्या माणसाला हे दिसलं नाही, तो दक्षिणेकडचा असणार. ऑस्मंडला फोटो दाखवला तर त्याने क्षणात बोट ठेवलं आणि म्हणाला, कोंबडीचोर.

हसून झालं. आता ऐक.

मी त्या कागदावर सही करणार नाही. त्यावर छापलं आहे की दोन महिन्यांच्या आत मी तिथे राहायला जाईन आणि निदान वर्षभर तेच माझं राहतं घर असेल. मी कोवाल्कीला फोन करून विचारलं की राहणं म्हणजे काय. तो म्हणाला, जिथे बहुतेक रात्री झोपता ते. सोपं आहे. आणि मला माहीत नाही की मी तिथे झोपेन. जे माहीत नाही त्याखाली मी नाव लिहिणार नाही. तू जाऊन त्याला त्या धुराचंही खरं सांग.

तुला वाईट वाटेल, म्हणून कारणही लिहिते. लग्न होऊन मी इकडे आले तेव्हा तू तेरा वर्षांची होतीस. तेव्हापासून आपण भेटलो ते बोटीची वेळ बघत. तुझ्याकडे मी कॉफीचा दुसरा कप कधी शांतपणे प्यायले नाही. तुझी आठवण काढायचा मला पन्नास वर्षांचा सराव आहे, त्यात मी तरबेज आहे. तुझ्या शेजारी राहायचा एका दिवसाचा नाही. बोट सुटायची नसेल तेव्हा आपण कशा असू? मला कल्पना करता येत नाही. एकाहत्तराव्या वर्षी ते जमलं नाही तर माझ्याकडे आठवणही उरणार नाही, डाग्नी.

झाडं ऑस्मंड उद्यापासून रोवतो आहे. रागावलीस तरी उत्तर लिही.

रग्ना

*

बेफील्ड,
३० जानेवारी

ताई,

नमस्कार नाही, काही नाही. रागावले आहे.

बँकेत गेले. सगळं सांगितलं. फावडं, धूर, पडदे, सूपसुद्धा, का कोण जाणे. कोवाल्कीने ऐकून घेतलं. मग चष्मा काढून पुसला आणि म्हणाला, मिस डाग्नी, ह्याची गरजच नव्हती. नव्या घेतलेल्या घरात मालक अजून यायचा असेल तर ते रिकामंच असणार, त्यात गैर काही नाही. तो तशी दुरुस्ती करून घेणार आहे. बँकेला घरात दिवा आहे की नाही ते नको असतं. मालकाचा तिथे येऊन राहायचा खरोखर इरादा आहे का, तेवढंच हवं असतं. म्हणजे मी दोन आठवडे कंबर मोडून घेतली ती फुकट. धूर मी काढू शकते. तुझा इरादा मी कुठून काढू?

तुझं कारण वाचलं. परत वाचलं. तुला माझी आठवण जपायची आहे, आणि ती जपायला मी तळ्यापलीकडे राहणं सोयीचं आहे. छान. मला मात्र कोणी विचारलं नाही, की डाग्नी, तुला ह्या आठवणींचं काय करायचंय. मला त्या नको आहेत. मला कुरकुर करणारी, गुडघे धरून जिना उतरणारी, पडदे इस्त्री न करणारी बाई शेजारी हवी आहे. मी नोव्हेंबरमध्ये दोघींच्या नावाने लाकडं घेतली. मी गायनमंडळात सांगून बसले.

मग घेतलंस कशाला ते घर? एवढं एक सांग.

सही करायची नसेल तर तसंही कोवाल्कीला कळव. फेब्रुवारी संपला की त्याच्याही हातात काही नाही. घरावर परत विक्रीची पाटी लागेल आणि कोणी तरी येऊन राहील. मी तिथलं फावडं मारणं बंद केलं आहे. काल रात्रीच्या बर्फाने वाट बुजली.

डाग्नी

*

मॅडलिन बेट,
११ फेब्रुवारी

चि. डाग्नीस,
आशीर्वाद, घेणार असशील तर.

घर कशाला घेतलं ते विचारलंस. जुलैमध्ये तुझ्याकडे आले तेव्हा शेजारी पाटी लागली होती. एक जोडपं घर बघत होतं. त्यातली बाई कुंपणाच्या फटीतून तुझ्या अंगणात डोकावली आणि तू तिला वाटाण्याच्या शेंगा दिल्यास. ती तिथेच उभी राहून सोलून खात होती आणि तू हसत होतीस. परतीच्या बोटीत मला दुसरं काही सुचेना. सोमवारी मी कोवाल्कीला फोन केला. एवढंच आहे. मला तुझ्या शेजारी राहायचं होतं की दुसऱ्या कुणाला राहू द्यायचं नव्हतं, हे मी तेव्हा स्वतःला विचारलं नाही. तुझं पत्र आल्यावर विचारलं.

उत्तर लगेच मिळालं नाही. बर्फावर गेले. ऑस्मंड भोक पाडत होता, मी झाडं ओढत होते. त्याने विचारलं, इतकी गप्प का. मी सांगितलं. तो म्हणाला की त्यात काय, कागद खोटा आहे म्हणतेस ना, मग एक तर कागद बदल नाही तर स्वतः बदल, आणि ते पुढचं झाड दे, हात गारठले. त्याला आपण काही मोठं बोललो असं वाटलं नाही. मलाही तेव्हा वाटलं नाही. घरी येऊन बूट काढताना वाटलं.

मी शनिवारी येते आहे.

काल कोवाल्कीला कळवलं. राहतं घर, असं लिही म्हटलं. खरं का, असं त्याने विचारलं. मी म्हटलं, शनिवारपासून. सही सोमवारी त्याच्यासमोर करीन. ऑस्मंड ट्रकमधून आणून सोडेल. रस्ता चांगला झाला आहे, बर्फ हातभर जाड आहे. तरी बर्फ फुटलाच तर बाहेर पडता यावं म्हणून खिडक्या उघड्या ठेवून, पट्टा न लावता येऊ, म्हणजे गारठलेली असेन. कोंबड्या सोबत आहेत. इथलं घर विक्रीलाच राहू दे, किल्ली ऑस्मंडकडे.

मला जमेल की नाही ते अजूनही माहीत नाही. पण यायचा इरादा आहे आणि तो खरा आहे. मी तपासला.

किनाऱ्यावर गायनमंडळ घेऊन उभी राहू नकोस. आलीस तर एकटी ये.

माया होती, आहे.

रग्ना

*

बेफील्ड,
२ एप्रिल

प्रिय ताईस,
स. न. वि. वि.

पाकिटावर पत्ता लिहिताना हात अडखळला. पोस्टात व्हर्नाने पत्ता वाचला, मग माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली की डाग्नी, तिकीट कशाला वाया घालवतेस, तुझ्या खिडकीतून शिंकलीस तरी तिला ऐकू जाईल. मी म्हटलं, तू शिक्का मार.

बोलून सांगता येईना, म्हणून लिहिते. लिहायची आपल्याला सवय आहे.

सात आठवडे होत आले. आपण सूप पितो, तू भांडी घासतेस, मी पुसते. कॉफी पातळ करते म्हणून तू बोलतेस, तुझ्या कोंबड्या माझी रोपं उकरतात म्हणून मी बोलते. रविवारी तू गायनात उभी राहतेस आणि सगळ्यांना खाली ओढतेस. मला ह्यातलं सगळं हवं होतं आणि सगळं मिळालं.

पण संध्याकाळ झाली की तू उठतेस. तुझ्या माडीवर तळ्याकडच्या खिडकीशी जाऊन बसतेस. माझ्या जिन्यावरून मला तुझी पाठ दिसते. अंधार पडेपर्यंत हलत नाहीस. आधी वाटलं, दमत असशील. मग बर्फ फुटायला लागला आणि तू जास्त वेळ बसायला लागलीस. काल ऑस्मंडचा निरोप आला, की पुढच्या आठवड्यात बोट सुरू होतेय. तेव्हा तू ताटली दोनदा घासलीस.

मी आज कोवाल्कीकडे गेले होते. तुझं नाव घेऊन काही मागितलं नाही, नुसतं विचारलं. एखादा माणूस खऱ्या मनाने राहायला आला आणि नाहीच राहवलं, तर? तो म्हणाला की सही करतानाचा इरादा खरा असला तर ती व्यक्ती खोटी ठरत नाही. परिस्थिती बदलली तर बँकेला लेखी कळवायचं, मग पुढे काय करता येईल ते बघता येतं. घर कदाचित भाड्याने द्यावं लागेल. मी म्हटलं, बरं.

ताई, तू यावंस ह्याच्या मी इतकी मागे लागले की आल्यावर तू इथे असशील का, हे विचारायचं राहून गेलं. तुला जायचं असेल तर जा. मी तोंड पाडणार नाही. कोंबड्यांची पेटी मी धरीन, बोटीपर्यंत येईन. शेजारी जे कोणी येईल त्यांना वाटाणे मात्र देणार नाही.

उत्तर लिहूनच दे. समोर बोललीस तर मी मध्येच बोलेन.

लोभ असू दे, तू कोणत्याही किनाऱ्यावर असलीस तरी.

तुझी,
डाग्नी

*

बेफील्ड, शेजारून,
४ एप्रिल

चि. डाग्नीस,
अनेक आशीर्वाद.

पत्र आलं. पोस्टमन माझ्या दारात ते देऊन तुझ्या दारात गेला आणि दोन्हीकडे मान हलवून पुढे निघाला.

तुला माझी पाठ दिसते. पुढे काय दिसतं ते सांगते.

पलीकडे बेट दिसतं. त्याच्या उजव्या टोकाला, पाइनच्या झाडांच्या खाली, माझं घर दिसतं. मी त्या घरात पन्नासहून जास्त वर्षं राहिले आणि ते इथून कसं दिसतं हे मला माहीत नव्हतं. तुझ्याकडे यायचे ती स्वयंपाकघरात बसायचे, घड्याळाकडे तोंड करून. ते घर मला मोठं वाटायचं. झाडताना कंबर दुखायची. इथून ते करंगळीच्या नखाएवढं आहे. त्याचं धुराडं तर डोळे बारीक केले तरच दिसतं.

तुला आठवतं का, तू पत्रात मध्येच लिहायचीस, मंगळवारी सकाळी धूर का नव्हता, बरी आहेस ना? एकदा हॅल्वर तापाने पडला होता तेव्हाही विचारलं होतंस. मला वाटायचं, हिला कोण सांगतं. मी ऑस्मंडवर संशय घेतला होता. इथे बसले तेव्हा कळलं. तू रोज जिन्याच्या खिडकीतून ते नख शोधत होतीस. सकाळी कामावर जायच्या आधी, थंडीत काच पुसून. इतकी वर्षं. आणि मला कधी म्हणाली नाहीस.

मला परत जायचं नाही. ताटली दोनदा घासली कारण ती चिकट होती, तू लोणी फार घालतेस. ऑस्मंडचा पुतण्या बेटावरचं घर घ्यायला तयार आहे, त्याचं बोलणं चालू आहे. ते ठरलं की सांगणार होते. कोवाल्कीला काही लेखी कळवायचं नाही. ‘राहतं घर’ असं त्याने लिहिलं आहे ते बरोबर आहे.

मी फक्त तू काय बघत होतीस ते बघून घेते आहे. पन्नास वर्षांचं आहे, सात आठवड्यांत कसं होईल?

आज संध्याकाळी वर ये. इथे खुर्ची एकच आहे, येताना तुझी घेऊन ये.

रग्ना